पाठीवरचा वारा

किती दिवस झाले, एक चादर सुकत नव्हती. कुवेतात कपडे सुकत नाहीत असं मी गावात सांगितलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या, कमळीक याड लागलां. उन्हाळ्यात इथे बादलीतून काढलेला पंचा दोरीवर टाकेपर्यंत पापड होतो. पण पौष-माघात या देशाचं काय बिनसतं देव जाणे. आधी पाऊस येतो, धड भिजवतही नाही आणि कोरडंही ठेवत नाही. मग उत्तरेचा वारा सुटतो आणि जमीन अशी गार करून ठेवतो की लादीवर पाय टेकवत नाही. आणि मग एके दिवशी वारा फिरतो.

फरवानियातल्या आमच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. बिल्डिंगा दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात. पण थंडीत तो स्वतःच उठून घरी येतो. गरम भातावर गार ताट झाकलं की ताटाला खालून पाणी सुटतं ना, तसंच होतं. समुद्राची उबदार वाफ या गार जमिनीवर येऊन बसते. समोरच्या गच्चीवरची बाई दिसेनाशी होते, तिचा खोकला तेवढा ऐकू येतो.

आमचं घर म्हणजे एक खोली. मधे प्लायवूड मारून तिचे दोन भाग केलेले, पलीकडे देवगडची तीन पोरं भाड्याने. त्यांचे डबे मीच करायची. प्लायवूड महादेवनेच मारलेलं. महादेव माझा नवरा, शटरिंगचा सुतार. पण सुतारकी पोटासाठी. आम्ही गाबीत, पिढीजात मासेमारीवाले, त्यामुळे तोंडात कायम दर्या. आजोबांची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बाप होडीवर होता आणि होडीवरच गेला. महादेव कुवेतातही सकाळी गच्चीवर जाऊन बोट ओलं करून वर धरायचा आणि खाली येऊन सांगायचा, आज पाऊस, उद्या वावटळ. शेजारचा झहूर रत्नागिरीचा, हाफ लॉरी चालवायचा. तो जिन्यात भेटला की हाक मारायचा, "काय हवामानखातं, आज काय बातमी?" महादेव चिडायचा नाही. उलट फुगायचा. कधी अंदाज बरोबर यायचा, कधी यायचा नाही, पण चुकलं असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आणि सुदेश. माझा धाकटा दीर. दीर कसला, लग्न करून आले तेव्हा नाकाला शेंबूड होता त्याच्या. न्हाऊ-माखू घातलं, शाळेला धाडलं, पहिलं पोर माझं तेच. त्याला कुवेतला आणायचं ठरलं तेव्हा सासूबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. नवरा दर्याने नेलेला, आता हा जातो म्हणतो. तेव्हा महादेव त्यांना म्हणाला होता, "आये, थय सगळी वाळू असा. वाळवंटात खय कोण बुडता?" त्या हसल्या आणि उठल्या. दर्या नाही म्हणून त्यांनी पोराला धाडलं.

त्या वर्षी सुदेशच्या कंपनीने साइट बंद केली. पोरांना सांगितलं, दुसरा कफील, व्हिसा देणारा मालक, शोधा नाहीतर घरी जा. झहूरने शब्द टाकला आणि समुद्राकाठच्या सुबियाला अबू यासिर नावाच्या म्हाताऱ्याच्या तंबूंवर राखणदाराचं काम मिळालं. थंडी आली की इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, सुट्टीच्या दिवशी पोरंबाळं घेऊन. इतर दिवशी तिथे राखणदार आणि कुत्री. शेजारच्या तंबूंवर बिहारचा शत्रुघ्न राखणदार होता. अबू यासिर बरा माणूस होता, हंगाम संपला की व्हिसाचं बघतो म्हणाला होता. पावसात तंबू सावरताना सुदेश भिजला होता, छातीत कफ होता. झहूरबरोबर मी महादेवचा स्वेटर आणि सुंठीची पूड पाठवली होती. फोनवर खोकत म्हणाला, "वयनी, सुंठ खाल्लंय, आता तुझा त्वांड गप ऱ्हवांदे." असा वात्रट.

त्या सकाळी मी डब्यांच्या भाकऱ्या थापत होते. महादेव कामावर जायला निघत होता. धुकं इतकं की खिडकीबाहेर कुणी पांढरं कापड लावलंय असं वाटावं. फोन वाजला.

"दादा, माका वाट गावना नाय."

आवाज सुदेशचा, पण ओळखू येईना. महादेवने फोन कानापासून थोडा लांब धरला तसं मलाही ऐकू येऊ लागलं.

"खय असंस तू?"

"म्हाईत नाय. काल तिनीसांजेक ग्यास संपलो म्हणान शत्रुघ्नाच्या तंबूत सिलिंडर आणूक गेलंय. हाकेवर असा मां तो. मधेच धुका इला. तेचो तंबू गावलो नाय, माझो पण नाय. रातभर चलतंय, दादा. फोन लागा नव्हतो. आता लागलो."

माझे हात पिठात तसेच राहिले. रात्रभर! अंगावर काय आहे ते विचारा म्हटलं. महादेवने हात वर करून मला गप केलं.

"वारो असा?"

"असा, बारीक."

"मगे रडतंस कित्याक? आयक. सकाळचो वारो जमनीवरसून दर्यात जाता. मतलय. आज्यान होडीत बसवन शिकवलेलां, इसारलंस? वाऱ्याक पाठ दी आणि सरळ चल. कायव दिसांदे, वळा नको. दर्यो गावतलो. मगे काठाकाठान चल, तंबू गावतलेच."

"ओ, त्येका थयच बस म्हणान सांगा," मी म्हटलं. "कोणतरी शोधूक जायत. झहूरभायक सांगूया."

"तू भाकऱ्यो थाप," महादेव म्हणाला.

पलीकडून खोकल्याची उबळ आली. मग सुदेश म्हणाला, "दादा, माका दर्याचो वास येता."

"येतलोच! जवळच असा तो. हयली ओहोटी लांब जाता, चिखल लागतलो. बूट काढून गळ्यात घाल, विजार ढोपरार घे. समाजला?"

"होय. दादा, ब्याटरी..."

आणि फोन गेला.

महादेवने झहूरला हाक मारून अबू यासिरला कळवायला सांगितलं: पोरगा वाट चुकलाय, समुद्राकडे निघालाय, किनाऱ्याला बघा. मग शांतपणे चहा घेतला. "दर्यावरचो झील असा," तो म्हणाला. "दर्यो गावलो म्हणजे घर गावला." मला त्याचा राग आला. पण त्याच्या आवाजातला भरवसा बघून थोडा धीरही आला, हे खोटं कशाला सांगू.

डबे भरले. पोरं घेऊन गेली. मनात मात्र काहीतरी कुसळासारखं टोचत होतं आणि हाताला लागत नव्हतं.

चादर काढायला मी गच्चीवर गेले. चादर अजून ओली, पण एकाच अंगाने. एक बाजू नुसती दमट आणि दुसरी पिळावी अशी. वारा त्याच बाजूने येत होता, हळू, गालाला चिकट. मी चादर तोंडाशी नेली. खारट वास. सुक्या मासळीच्या बाजाराच्या कोपऱ्यावर येतो तसा.

आणि मला आमचं अंगण आठवलं. पहाटेची मतलय सुटली की अंगणातले कपडे उजाडेपर्यंत सुकून जातात. त्या वाऱ्याला पाल्याचा वास असतो, शेणीच्या धुराचा असतो. समुद्राचा नसतो. कसा असेल? तो जमिनीवरून येतो. दर्याचा वास घेऊन येणारा वारा दर्यावरूनच आला पाहिजे. पोरगा वास येतो म्हणाला, आणि वारा त्याच्या पाठीवर होता.

मी जिना कसा उतरले मला ठाऊक नाही.

"ओ, दर्यो त्येच्या पाठीक असा!" मी म्हटलं. "ह्यो वारो दर्यावरचो. तुमी त्येका उलटो धाडलास!"

"बायलेन माका वारो शिकवचो?" महादेव ओरडला. कामाच्या पिशवीत भरायला घेतलेला हातोडा त्याने खाटेवर फेकला. "सकाळच्या पारार मतलय वाता. गाबतीच्या पोराक तू सांगतंस?"

"गच्चीर चला. चादर हुंगा."

तो आला. चादर हुंगली नाही. नुसता उभा राहिला, तोंड वाऱ्याकडे करून. पूर्वेला कुठेतरी सूर्य उगवला होता, धुक्यात पांढरा डाग दिसत होता. वारा तिकडूनच येत होता, आणि समुद्रही तिकडेच. त्याने बोट ओलं केलं, वर धरलं. मग ते बोट खाली आलं आणि शर्टाला पुसत राहिलं, पुसतच राहिलं. त्याचा चेहरा बघवेना. आमच्याकडे सकाळी वारा जमिनीवरून समुद्रात जातो, जन्मल्यापासून जातो, म्हणून या मेल्या मुलखातही तसंच असेल असं त्याने धरलं होतं. ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. बिहारचा शत्रुघ्न असता तर म्हणाला असता, बैठ जाओ, भैया.

महादेवने सुदेशला फोन लावला. लावतच राहिला. तिकडून बाई अरबीत काहीतरी बोलायची आणि बंद व्हायचं.

झहूरने हाफ लॉरी काढली. तिघं पुढेच बसलो. रस्त्यावर पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर काही नाही. जहराच्या अलीकडे दोन गाड्या एकमेकांत घुसलेल्या, पोलीस हात हलवत उभा. झहूर काच खाली करून डोकं बाहेर काढून चालवत होता, त्याच्या दाढीला पाण्याचे थेंब लटकले होते.

"भाभी, तुमी दुवा करा," तो म्हणाला. "पोरगा शहाणा आहे. समुद्रापाशी बसला असेल."

महादेव समोरच्या धुक्याकडे बघत राहिला. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्याने पाय आखडून घेतला. शेवटी वाऱ्याचं मीच सांगितलं. झहूरने ब्रेक दाबला, महादेवकडे बघितलं, अबू यासिरला फोन लावून बघितला, तो लागेना, तेव्हा पुन्हा गाडी चालू केली. हवामानखातं म्हणून हाक मारणारा माणूस, पण तो शब्द त्याने त्यानंतर कधी उच्चारला नाही.

सुबियाला पोचेपर्यंत दिवस बराच वर आला होता, तरी धुकं होतंच. अबू यासिर, त्याची मुलं, पोलिसांची एक जीप, सगळे किनाऱ्यालगत फिरत होते. दिवे लावून, हॉर्न वाजवून. समुद्र तंबूंपासून खरंच हाकेवर होता. लाटांचा आवाज येत होता. शत्रुघ्न मला बघून रडायलाच लागला. "भाभी, रात को हमने भी बहुत आवाज दिया. उसका खाली सिलिंडर उधर बीच में पड़ा मिला."

अबू यासिरने महादेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि झहूरला काहीतरी म्हणाला. झहूरने सांगितलं, "ते म्हणतात, काळजी करू नको. तुम्ही समुद्राची माणसं. तो पाण्याच्या काठालाच सापडेल."

सगळे महादेवकडे बघत होते. मी म्हटलं, "सांगा."

महादेवचे ओठ हलले. मग तो जेवढी येत होती तेवढ्या अरबी-हिंदीत म्हणाला, "बहर नई, समुंदर नई. मैंने बोला उसको. उल्टा बोला. मेरा गलती." आणि हात वर करून वाऱ्याच्या उलट, आत, वाळवंटाकडे दाखवलं.

पोलिसाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसल्यासारखा झाला. आपल्या भावाला समुद्र दाखवतो म्हणून वाळवंटात कोण पाठवतं? त्याचं ते अर्धं हसू मला चपलेसारखं लागलं. महादेव मान खाली घालून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

झहूरने तंबूंमागच्या गाडीवाटेने हाफ लॉरी हळूहळू नेली आणि आम्ही खिडकीतून वाटेची कड बघत गेलो. धुक्याने वाळू भिजून दबली होती. पावलं दिसली ती मलाच. समुद्राच्या अंगाने येऊन गाडीवाटेपर्यंत पोचलेली. बूट नाहीत, अनवाणी पाय. चाकोरीच्या मधोमध दोन्ही पाय शेजारी शेजारी, खोल उमटलेले. पोरगा इथे उभा राहिला होता. बराच वेळ राहिला असावा. ही वाट कुठेतरी जाते, हिने जावं का, असं त्याच्या मनात आलंच असेल. मग पावलं चाकोरी ओलांडून पलीकडे सरळ गेली होती. कारण दादा म्हणाला होता, वळू नको.

महादेव खाली उतरून त्या दोन पावलांजवळ उकिडवा बसला. त्यांना हात लावला.

पोलिसाची जीप मागून आली. तो ओरडला, "अल्गाम! अल्गाम!" इराकची लढाई होऊन दहा वर्षं झाली तरी त्या बाजूच्या वाळूत सुरुंग निघायचे. मागच्याच थंडीत एका धनगराची शेळी उडाली होती. गाडी वाटेखाली उतरवायला कुणी तयार नव्हतं. अबू यासिर पोलिसाशी भांडला, मग फोनवर कुणाशी तरी भांडला. शेवटी अंगातला मेंढीच्या कातड्याचा लांब कोट काढून त्याने महादेवच्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

महादेव निघाला. मी त्याच्या मागून. "तू हयच रव," तो म्हणाला. मी पदर खोचला आणि चालत राहिले. सुदेशच्या पावलात त्याचं पाऊल, त्याच्या पावलात माझं. वारा पाठीवर होता. ओला, खारा, सतत ढकलणारा. मान गार पडली होती आणि डोळ्यांसमोर नुसतं पांढरं. मागची माणसं दिसेनाशी झाली.

पावलं किती सरळ होती काय सांगू. कुठे झुडूप आलं तर त्याला घासून गेलेली. एके ठिकाणी हाताचे पंजे उमटलेले, पडला असावा. उठून पुन्हा तीच रेघ. महादेव चालता चालता बोलायला लागला होता, स्वतःशीच. "वळ रे. एकदा तरी वळ. कोणाचा कधी आयकलंस नाय तां, आजच आयकाचा होता तुका?"

मला त्याची दया आली आणि त्याला मारावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच.

दुपार कलली तेव्हा धुकं थोडं पातळ झालं आणि पुढे काहीतरी काळं दिसलं. तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. विजार ढोपरापर्यंत दुमडलेली, नीट, घडीवर घडी. बुटांच्या नाड्या बांधून बूट गळ्यात घातलेले. स्वेटर पिळावा इतका ओला. पाय निळे.

महादेवने "सुद्या!" म्हणून हाक मारली. त्याने मान वळवली नाही. मी पुढे जाऊन त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डोळे उघडे होते. मला बघून ओठ हलले.

"वयनी," तो म्हणाला, "आज ओहोटी लय लांब गेली गो. चलान चलान पाय गेले. पाणी काय गावना नाय."

महादेव त्याच्या पायांवर पडला. "माका चुकला रे बाबा. माका चुकला. दर्यो पाठी रवलो."

सुदेशला ते ऐकू गेलं नाही. त्याने भावाच्या केसांत हात घातला, लहान मुलाच्या घालावा तसा. "दादा, तू म्हटलंस तसा सरळ इलंय," तो म्हणाला. "खयच वळाक नाय."

कोटात गुंडाळून महादेवने त्याला पाठीवर घेतलं. आता तोंडावर वारा घेऊन चालायचं होतं. महादेव पुढे, त्याच्या पाठीवर सुदेश, आणि मागून मी, त्याची दोन्ही पावलं माझ्या ओंजळीत घेऊन, चोळत. आम्ही येताना उमटवलेल्या पावलांवरूनच परत. महादेवचं तोंड बंद होत नव्हतं.

"आता भरतीची वेळ झाली मां रे? बग, वाऱ्याक कसो वास येता. घराक जाव. आयेक फोन करू. ती गाळी घालीत, घालूंदे. तुका वयनी कुळथाची पेज करून दियत. नाय गो?"

"होय," मी म्हटलं.

"आयकलंस मां, सुद्या?"

"हूं," सुदेश म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, "हूं."

ते पाय आधीही गारच होते, पण धरले की बोटं जराशी आवळायची. मी चोळत होते, फुंकर घालत होते, पदरात घेत होते. मग केव्हातरी बोटं आवळेनाशी झाली. मी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. टाचेवर नख रुतवलं. डोकं महादेवच्या खांद्यावर एका बाजूला पडलं होतं आणि प्रत्येक पावलाला हलत होतं.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तिथेच बसला असता, आणि तिथून आम्हा तिघांना कोण आणणार होतं? मी पाय चोळत राहिले. तो बोलत राहिला. आजोबांच्या होडीचं बोलला, बापाचं बोलला, पहिल्यांदा सुरमई लागली तेव्हा सुदेश घाबरून कसा पाण्यात पडला होता ते बोलला. सुदेश काही म्हणत नाही हे त्याला कळलं नाही असं मला वाटत नाही.

गाडीवाटेवर सगळे उभे होते. झहूर धावत आला, सुदेशचं तोंड बघितलं आणि जागच्या जागी थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. अबू यासिर काहीतरी पुटपुटला. पोलिसाने जीपचं मागचं दार उघडलं.

महादेव थांबला नाही. दारासमोरून गेला, तंबूंमधून गेला, शत्रुघ्नने पुढे केलेला हात त्याला दिसला नाही. वारा तोंडावर घेऊन सरळ. कुणी त्याला अडवलं नाही. किनाऱ्याचा चिखल लागला तरी तो चालत राहिला, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, पाणी येईपर्यंत. तिथे त्याने सुदेशला पाठीवरून उतरवून मांडीवर घेतलं.

"बग सुद्या," तो म्हणाला. "ह्यो बग दर्यो. हयच होतो रे."

मी त्याच्याजवळ जाऊन चिखलात बसले. "कमळ," तो म्हणाला, "तू सांग गो तेका डोळे उघड म्हणान. तुझां आयकता तो."

मी सुदेशच्या गळ्यातले बूट काढले. दुमडलेली विजार एकेक घडी सोडवत खाली केली. तिला चिखलाचा एक ठिपकाही लागलेला नव्हता.